जात म्हणजे वंश नव्हे. मग समता कशावर उभी? बाबासाहेबांच्या युक्तिवादाची तपासणी

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. जयंतीला आपण या ग्रंथाचे नाव घेतो, पण त्यातला युक्तिवाद क्वचितच तपासतो. इथे वंश आणि समता हे दोनच मुद्दे आम्ही घेत आहोत.

वंशाचा मुद्दा

जातीमुळे रक्त शुद्ध राहते, असे जातीचे समर्थक सांगत. बाबासाहेबांचे उत्तर असे: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, वेगळेपण असेलच तर ते पंजाबच्या आणि मद्रासच्या ब्राह्मणांत आहे. म्हणजे जात ही एकाच वंशातील माणसांची सामाजिक फाळणी आहे. आर्य वंशाचा सिद्धांत खोडणारा १९४६ चा शूद्रांवरील ग्रंथ त्यांनी जोतीराव फुले यांना अर्पण केला. जोतीरावांची मांडणी मात्र आर्य आक्रमणावर उभी होती. गुरूचा आदर ठेवून वेगळा निष्कर्ष काढता येतो, हे तरुणांनी इथून शिकावे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकाच्या मोजमापांचा आधार घेतला. विरोधकांना त्यांच्याच शास्त्राने उत्तर देण्यासाठी ते योग्य होते. आज मात्र ती मोजमापे पुरावा म्हणून वापरू नयेत.

समतेचा मुद्दा

माणसे समान नसतात, हा आक्षेप बाबासाहेब नाकारत नाहीत. आनुवंशिकता, घरातून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तिन्हींत माणसे असमान असतात. प्रयत्नांनुसार वेगळी वागणूक एकवेळ समजू शकते. पण पहिल्या दोन्हींवरून निवड केली, तर घराणे, पैसा आणि शिक्षण ज्यांच्याकडे आधीच आहे तेच पुढे जाणार. म्हणून समता हे वर्णन नसून वागण्याचे तत्त्व आहे. आमच्या मते युक्तिवादाचा हा सर्वांत भक्कम भाग आहे, कारण तो कोणत्याही रक्तचाचणीवर अवलंबून नाही.

मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण पाहा. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री सारा गाव वेशीबाहेर राहतो. पण गावपळण संपली की प्रत्येक जण आपापल्या वाडीत परततो आणि कोकणात अनेक वाड्यांची नावे आजही जात सांगतात. एकत्र बाहेर पडणे म्हणजे बंधुता नव्हे. परतल्यावर एकमेकांशी व्यवहार कसा होतो, ही तिची कसोटी आहे.

आजचा प्रश्न

२००१ च्या डर्बन परिषदेत ‘जात म्हणजे वंश नव्हे’ असे म्हणत भारत सरकारने जातीची चर्चा टाळू पाहिली. हे वाक्य बाबासाहेबांचेच वाटते, पण निष्कर्ष उलटा आहे. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. संविधानाच्या कलम १५ मध्येही वंश आणि जात हे शब्द वेगवेगळे आहेत आणि दोन्हींवरून भेदभावाला बंदी आहे. कारणे वेगळी असली तरी अन्याय सारखाच आहे, हे उत्तर आपल्याकडे तयार हवे.