ओफीरचे सोने आणि बुरूड राजाचा कोट

कांदिवलीहून रेल्वेने उत्तरेकडे निघालो की विरारच्या अलीकडचे स्टेशन नालासोपारा. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. काही पंडितांच्या मते हिब्रू धर्मग्रंथातले 'ओफीर' ते हेच. ग्रीक भाषांतरात त्या नावाचे रूप 'सोफीर' असे येते. तेव्हा सोपारा डोळ्यांपुढे येणारच! पुरावा मात्र तोकडा आहे. शलमोन इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला, तर सोपाऱ्यात सापडलेले अशोकाचे शिलालेख तिसऱ्या शतकातले. कोणी ओफीर अरबस्तानात शोधतात, कोणी आफ्रिकेत. ओफीरच्या सोन्याचा उल्लेख असलेले एक खापर १९४६ साली तेल कासिले येथे मिळाले, पण ओफीर कुठे हे त्यावरूनही कळत नाही.

त्या ओफीरहून शलमोनाच्या जहाजांनी ४२० किक्कार सोने आणले, असे 'राजे' या ग्रंथात लिहिले आहे. शिवाय वर्षाला ६६६ किक्कार सोन्याची आवक. किक्कार म्हणजे सुमारे ३४ किलो धरा. वर्षाचे बावीस-तेवीस टन होतात. आकडे कवीचे असावेत अशी शंका मला येते, आणि कवी असल्यामुळे ती मी आनंदाने घेतो. यरुशलेमेत चांदी दगडांसारखी झाली होती, असेही ग्रंथकार सांगतो.

हे वैभव शलमोनाने मागितले नव्हते. गिबोन येथे स्वप्नात देवाने 'काय हवे' विचारले तेव्हा त्याने न्याय करण्यासाठी समज मागितली. संपत्ती वर मिळाली, न मागता. म्हणून तिथे धन हे पाप नव्हे. ती देवाने दिलेली ठेव आहे. पण त्याच धर्मशास्त्रात राजाला तीन गोष्टी मना आहेत: घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोने-चांदी फार साठवू नये. नियमशास्त्राची नक्कल जवळ ठेवून रोज वाचावी, म्हणजे भाऊबंदांपेक्षा आपण मोठे असे मनात येणार नाही. शलमोनाच्या पदरी बारा हजार स्वार, सातशे राण्या आणि सोने तर सांगितलेच!

खर्च कोणी सोसला? राज्याचे बारा विभाग पाडले होते, एकेकाने वर्षातला एक महिना राजवाड्याची रसद पुरवायची. लबानोनात लाकूडतोडीला तीस हजार माणसे वेठीला धरली.

सोपाऱ्याकडे परत येऊ. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली जो स्तूप उकरला, त्याला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. प्रजेवर कर न बसवता टोपल्या विणून पोट भरणारा राजा, अशी त्याची दंतकथा. उकरल्यावर आत निघाली एकात एक ठेवलेली करंडके: तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सगळ्यांत आत सोन्याचे. त्या सोन्यात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! आमच्याकडच्या सुफी कथांतले हजरत सुलेमानही तख्तावर बसून खजुराच्या पानांच्या टोपल्या विणतात आणि त्याच कमाईची भाकर खातात. हा सुलेमान म्हणजेच शलमोन.

हिब्रू ग्रंथात त्याच्या हाती टोपली नाही. त्याच्यामागे लोक मुलाकडे, रहबामाकडे आले: बापाने लादलेले जू हलके कर. त्याने ऐकले नाही. दहा वंश फुटून निघाले. पाचव्या वर्षी मिसरचा शिशक चालून आला आणि शलमोनाने घडवलेल्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. रहबामाने तशाच पितळेच्या करून घेतल्या. राजा मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या मिरवत नेत, आणि परतल्यावर चौकीत नेऊन ठेवत.