शके 976 चा पाहुणा तारा : कागदाची साक्ष आणि आकाशाची साक्ष

जुन्या कागदाची परीक्षा करतांना त्यास दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा आधार आहे कीं नाहीं हें आपण प्रथम पाहतों. बखरीस पत्राचा, पत्रास ताम्रपटाचा, ताम्रपटास नाण्याचा दुजोरा मिळाला म्हणजे संशोधकाचें समाधान होतें. परंतु ज्या कागदाचा दुसरा साक्षीदार पृथ्वीवर नसून आकाशांत आहे, आणि तो अद्यापि हयात असून उलटतपासणीस उत्तरें देत आहे, असें उदाहरण विरळा. इ. स. 1054 म्हणजे शके 976 मध्यें चीन देशांत दिसलेल्या एका ताऱ्याचें प्रकरण या जातीचें आहे. त्याचे अवशेष आज अवकाशांतील दुर्बिणी तपासीत आहेत. त्या तपासांत जुन्या दप्तरांतील एका तिथीस किती मोल आलें आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(1) कागद

सुंग राजवटींत दरबारचें ज्योतिषखातें असे. आकाशांत कांहीं नवें दिसल्यास त्याचें शुभाशुभ राजास कळविणें हें त्याचें काम. पूर्वीं नसलेला व कांहीं काळानें नाहींसा होणारा जो तारा, त्यास हे लोक ‘पाहुणा तारा’ म्हणत. असा एक तारा चि-हो राजशकाच्या पहिल्या वर्षीं पांचव्या महिन्यांत, म्हणजे 4 जुलै 1054 रोजीं, पहाटेस पूर्व दिशेला ‘थिएन-क्वान’ ताऱ्यापाशीं प्रकटला. थिएन-क्वान म्हणजे वृषभ राशीच्या दक्षिणेकडील शिंगाच्या टोकाचा तारा होय. पाहुणा तारा 23 दिवस भर दिवसां शुक्रासारखा दिसे. त्याचा रंग तांबूस पांढरा असून चोहोंकडे किरण फुटलेले होते. पुढें 6 एप्रिल 1056 रोजीं ज्योतिषखात्यानें तो दिसेनासा झाल्याची वर्दी दिली. म्हणजे हा मुक्काम सुमारें 21 महिन्यांचा झाला.

हा मजकूर आपणांपर्यंत कसा आला, हेंही पाहण्यासारखें आहे. ‘सुंग-शि’ हा राजवटीचा इतिहास 1345 च्या सुमारास, घटनेनंतर जवळजवळ 290 वर्षांनीं, सिद्ध झाला. दिवसा दिसण्याचा तपशील ‘सुंग हुइ-याव’ या दप्तरसंग्रहांत आहे. त्याची मूळ प्रत नष्ट झाली. 1408 मध्यें पुऱ्या झालेल्या युंग-लो ज्ञानकोशांत त्याचे उतारे होते, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं श्यू सुंग नामक पंडितानें उतरून घेतले. पुढें त्या ज्ञानकोशाचाही बहुतेक भाग नाहींसा झाला. तात्पर्य, एका नकलकाराच्या मेहनतीवर हा पुरावा उभा आहे.

तिसरा कागद जपानचा. फुजिवारा तेइका (1162–1241) या कवीनें 1230 मध्यें एक नवा पाहुणा तारा दिसला असतां जुन्या पाहुण्या ताऱ्यांची यादी मिळवून आपल्या ‘मेइगेत्सुकि’ या रोजनिशींत घातली. तींत 1006, 1054 व 1181 या वर्षांच्या ताऱ्यांचा उल्लेख आहे.

(2) परीक्षा

या कागदांत तीन विसंगति आहेत. पहिली महिन्याची. जपानी यादींत तारा चौथ्या महिन्याच्या उत्तरार्धांत उत्तररात्रीं दिसल्याचें लिहिलें आहे. परंतु त्या दिवसांत सूर्यच वृषभाच्या त्या भागांत असल्यामुळें तेथील तारा रात्रीं दिसणें शक्य नाहीं. तेव्हां ‘पांचव्या’च्या जागीं ‘चौथ्या’ हा लेखनप्रमाद असावा, असें बहुतेक विद्वान् मानितात.

दुसरी विसंगति रंगाची. तारा तांबूस पांढरा म्हणणाऱ्या संग्रहांतच, त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यांत यांग वेइ-त यानें केलेल्या निवेदनांत त्यावर पिवळी छटा असल्याचें व तें राजास शुभ असल्याचें सांगितलें आहे. पिवळा हा सम्राटाचा रंग. तेव्हां येथें डोळ्यांपेक्षां दरबारी अदबीनें अधिक काम केलें असावें.

तिसरी दिशेची. चिनी लेख तारा थिएन-क्वानच्या आग्नेयेस सांगतो; ज्यास आज त्याचा अवशेष मानितात तो तेजोमेघ वायव्येस सुमारें एका अंशावर आहे. या दोषाचा सर्वमान्य उलगडा झालेला नाहीं.

शकुनासाठीं लिहिलेल्या नोंदींचा हा स्वभाव आपल्याकडेही आढळतो. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या निर्याणसमयीं धूमकेतु दिसल्याचें आहे. निर्याण 3 एप्रिल 1680 चें. त्या वर्षींचा प्रसिद्ध धूमकेतु नोव्हेंबरांत दिसूं लागला. बखरकारानें तोच मागें ओढला असल्यास नवल नाहीं. अशा नोंदी टाकाऊ नसतात. मात्र त्यांतील पाहिलेलें कोणतें व जोडलेलें कोणतें, हें निवडावें लागतें.

(3) आकाश

वृषभाच्या त्याच शिंगाजवळ 1731 मध्यें जॉन बेव्हिस या इंग्रज वैद्यास एक अंधुक मेघ दिसला. 1758 मध्यें मेसिए या फ्रेंच ज्योतिष्यानें तो पाहिला व पुढें आपल्या यादींत त्यास पहिला क्रमांक दिला. लॉर्ड रॉस यांनीं काढलेल्या चित्रावरून त्यास खेकडा-तेजोमेघ हें नांव पडलें. 1921 मध्यें डंकन यांनीं 1909 चें व नवें अशीं दोन छायाचित्रें ताडून मेघ पसरत असल्याचें दाखविलें. त्याच वर्षीं लुंडमार्क यांनीं चिनी पाहुण्या ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. 1928 मध्यें एडविन हबल यांनीं प्रसरणाचा वेग उलट मोजून मेघाचें वय सुमारें 900 वर्षें ठरविलें व त्याचा संबंध 1054 च्या ताऱ्याशीं जोडला.

खरा निकाल 1942 मध्यें लागला. हॉलंड परचक्राखालीं असतां लायडन येथील चिनी भाषेचे पंडित डॉइव्हेन्डाक यांनीं मूळ लेख लावून दिले, आणि ऊर्ट व मेयॉल या ज्योतिर्विदांनीं गणित केलें. दोन्ही भाग एकाच नियतकालिकांत लागोपाठ छापले गेले. पोथी वाचणारा व आकाश वाचणारा एका कामास बसले म्हणजे काय होतें, याचा हा नमुना होय.

(4) अवकाशांतील दुर्बिणी

पृथ्वीचें वातावरण क्ष-किरण मुळींच खालीं येऊं देत नाहीं व दृश्य प्रकाशासही थरथरवितें. त्यामुळें मेघाच्या अंतरंगाची तपासणी वातावरणाबाहेरूनच करणें प्राप्त होतें. 1990 मध्यें सोडलेल्या, वरील हबल यांचें नांव धारण करणाऱ्या दुर्बिणीनें 24 छायाचित्रें जोडून मेघाचे तंतु निरनिराळे दाखविले. 1999 मध्यें गेलेल्या चंद्रा दुर्बिणीस सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचें नांव आहे. तिच्या क्ष-किरण चित्रांत मध्यवर्ती ताऱ्याभोंवतीं कडीं व दोन्ही बाजूंस निघणारे झोत स्पष्ट दिसले. दोहोंनीं पुनःपुन्हां घेतलेल्या चित्रांवरून तेथील तेजाच्या लहरी प्रकाशाच्या निम्म्या वेगानें बाहेर धांवतात, असें कळलें. 2021 च्या अखेरीस सोडलेल्या वेब दुर्बिणीनें अवरक्त प्रकाशांत तेथील धुळीचे तंतु टिपले.

आतां मुख्य मुद्दा. सूक्ष्म मोजणी करूं लागतांच आकाशाची साक्ष कागदाशीं तंतोतंत जुळेना. तंतूंचा वेग उलट मोजीत गेल्यास स्फोटाचें वर्ष 1130 ते 1140 च्या सुमारास येतें. उलट मध्यवर्ती स्पंदक तारा, जो 1968 मध्यें सांपडला व जो सेकंदास सुमारें 30 फेरे घेतो, त्याचा वेग ज्या प्रमाणांत मंदावत आहे त्यावरून साध्या नियमानें त्याचें वय सुमारें 1250 वर्षें भरतें. एक गणित तिथि पुढें ढकलतें, दुसरें मागें. अशा स्थितींत कागदास खोटें ठरविण्याऐवजीं ज्योतिर्विदांनीं कागदच प्रमाण मानिला व त्यावरून दोन सिद्धांत काढिले. एक, तंतु स्फोटानंतर आणखी वेगवान् झाले, व तो रेटा स्पंदक ताऱ्याच्या शक्तीनें दिला. दुसरा, ताऱ्याच्या मंदावण्याचा साधा नियम येथें जसाच्या तसा लागत नाहीं. तिथि हातीं नसती तर या दोन्ही गोष्टी अशा निश्चयानें सांगतां आल्या नसत्या. मात्र ही तिथि दर्शनाची होय, स्फोटाची नव्हे. मेघ सुमारें 6500 प्रकाशवर्षें दूर असल्यानें प्रत्यक्ष स्फोट तितकींच वर्षें आधीं झालेला होता.

(5) आपल्याकडील कागद

या घटनेची नोंद हिंदुस्थानांत आहे काय, याचा शोध पुण्याचे ज्योतिर्विद जयंत नारळीकर व संस्कृतज्ञ सरोजा भाटे यांनीं घेऊन 2001 मध्यें प्रसिद्ध केला. निर्विवाद असा उल्लेख मिळाला नाहीं. दिवसा दिसण्याचे दिवस ऐन पर्जन्यकाळांतले होते हें खरें. पण पुढें कित्येक महिने, निरभ्र हिवाळ्यांतही, तारा रात्रीं दिसत होता. अंबरनाथच्या शिवालयाचा लेख शके 982 चा आहे; तें मंदिर बांधणाऱ्या कारागिरांनीं हा तारा पाहिला असण्यास कांहींच हरकत नाहीं. आपले सिद्धांतकार गणितांत गढलेले, आणि संहिताकार उत्पातांचीं फळें सांगणारे; घडलेल्या घटनेची तिथि टिपणारें चीनसारखें खातें येथें नव्हतें. म्हणून आपल्या ग्रंथांचें मौन हें घटना न दिसल्याचें प्रमाण मानितां येत नाहीं.

अरबी साधनाचें उदाहरण येथें मार्गदर्शक आहे. इब्न बुतलान या वैद्यानें हिजरी 446 मध्यें मिथुनांत दिसलेल्या विलक्षण ताऱ्याचा उल्लेख एका सांथीच्या निमित्तानें केला आणि तो वैद्यांच्या चरित्रकोशांत जतन झाला. ज्योतिषग्रंथ चाळणाऱ्यांस तो दिसला नाहीं; 1978 मध्यें त्याची ओळख पटविण्यांत आली.

2015 मध्यें सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या आपल्या देशाच्या वेधशाळेनें याच स्पंदक ताऱ्याच्या क्ष-किरणांचें ध्रुवीकरण मोजलें, व तो निष्कर्ष 2017 मध्यें प्रसिद्ध झाला. तिच्या सिद्धतेंत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचें आयुका यांचा वाटा आहे. म्हणजे आकाशाची साक्ष नोंदविण्यास आपले लोक पोंचले; कागदाची बाजू मात्र रिकामी आहे. ती भरण्याचें काम पोथ्या जमविणारांचें. वैद्यकाची वही, उपाध्यायाचें पंचांग, पोथीच्या शेवटच्या पानावरील असंबद्ध टिपण हीं निरुपयोगी म्हणून बाजूस सारूं नयेत, त्यांवरील तिथि, नक्षत्र व दिशा जशीच्या तशी उतरून ठेवावी. श्यू सुंगानें उतारा केला तेव्हां त्यास या मेघाची वार्ताही नव्हती. तरी आज दोन गणितांचा निवाडा त्याच्या उताऱ्याच्या आधारें होत आहे.