शिपायानें सांगितलेली हकीकत



संत इग्नाशियस लोयोला यांची तसबीर आपण पाहिली असेल. काळा झगा घातलेले हे संत मूळचे शिपाईगडी होते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. आपली हकीकत त्यांनीं स्वतःच सांगून ठेविली आहे. सन १५५३ ते १५५५ या काळांत रोम येथें फादर गोन्साल्व्हिश द कामरा यांस त्यांनीं ती तोंडी सांगितली. तींत ते स्वतःस "मी" म्हणत नाहींत; बहुधा "यात्रेकरू" म्हणतात.

आरंभींच ते सांगतात कीं, वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत हा मनुष्य जगाच्या डामडौलांत गुंग होता. (हिशेब जमत नाहीं, जन्म १४९१ चा धरला तर जखमी झाले तेव्हां ते तिशीचे होते. शिपायांस लढाया आठवतात, वर्षें आठवत नाहींत.) त्या वेळचें त्यांचें नांव इनिगो. दिनांक २० मे १५२१ रोजीं फ्रेंचांनीं पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. इतर सरदार किल्ला स्वाधीन करावा या मताचे असतां, यानेंच त्यांस झुंजावयास लाविलें. लढाईपूर्वीं त्यानें एका सोबत्यापाशीं कुमसार केला. हें साक्रामेंत नव्हे, हें सांगणें न लगे. तथापि त्या डामडौलाखालीं श्रद्धेची ठिणगी होती, एवढें यावरून दिसतें.

तोफेच्या गोळ्यानें पाय मोडला. शत्रूनेंच मलमपट्टी करून त्यास डोलींतून घरीं पाठविलें. हाड नीट बसलें नव्हतें, म्हणून पुन्हां मोडून बसविलें. तरी गुडघ्याखालीं एक हाड पुढें आलेंच. दरबारी तंग बूट त्यावर चढेना! तेव्हां भुलीचें औषध नसतां त्यानें तें हाड करवतीनें कापविलें. ही वेदना त्यानें देवासाठीं नव्हे, बुटासाठीं सोसली, आणि म्हातारपणीं तसेंच सांगितलें. हा प्रांजळपणा मला फार मोलाचा वाटतो.

अंथरुणावर त्यानें शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या. घरांत निघालीं तीं ख्रिस्तचरित्र आणि संतांचीं चरित्रें. एका थोर स्त्रीचे मनोराज्य करितांना त्यास गोडी वाटे, पण मागाहून मन कोरडें पडे. संतांप्रमाणें वागावें असें मनांत आलें कीं आनंद मागें उरे. हा फरक ध्यानांत आला, तेथून त्याचें खरें परिवर्तन सुरू झालें. पुढील "आध्यात्मिक साधने"चें बीज येथेंच आहे.

सन १५२२ च्या मार्च महिन्यांत मोंतसेरातच्या मठांत त्यानें आपला उंची पोशाख गुपचूप एका भिकाऱ्यास दिला, तलवार व खंजीर पवित्र मरियेच्या वेदीपाशीं ठेविले आणि रात्रभर जागरण केलें. दुसऱ्या दिवशीं वाटेंत एक मनुष्य धांवत आला व विचारूं लागला, तीं वस्त्रें तूंच दिलींस काय? भिकाऱ्यावर चोरीचा आळ आला होता. हें ऐकून इनिगोच्या डोळ्यांतून पाणी आलें. करवतीखालीं न रडलेला शिपाई त्या गरिबासाठीं रडला.

पुढें संत फ्रान्सिस बोर्जा यांच्या कारकीर्दींत या हकीकतीच्या प्रती परत मागविण्यांत आल्या व नवें चरित्र लिहविण्यांत आलें. मूळ भाषेंत ती १९०४ सालीं छापली गेली.

आणखी एक गोष्ट. त्या नावारच्या युद्धांत झेवियर घराण्यांतील दोघे थोरले बंधु विरुद्ध पक्षांत होते. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस १५२९ पासून पॅरिस येथें या लंगडणाऱ्या शिपायाच्याच खोलींत राहिला, आणि दिनांक ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला.