सुलतानपूरवरून गेलेली चित्रे

सन 1521 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी एक छोटी पुस्तिका छापून बाहेर पडली. तिच्यात मजकूर नावापुरता. सगळा भर सव्वीस चित्रांवर, आणि तीही जोडीजोडीने मांडलेली. डाव्या पानावर येशू गुडघे टेकून शिष्यांचे पाय धुतो आहे. उजव्या पानावर पोप सिंहासनावर बसून राजेरजवाड्यांना आपल्या पायाचे चुंबन घ्यायला लावतो आहे. डावीकडे येशू मंदिरातल्या सराफांना हाकलून देतो. उजवीकडे पोप पापमुक्तीच्या सनदा विकायला बसला आहे. चित्रे लुकास क्रानाख या दरबारी चित्रकाराच्या कारखान्यातली होती आणि त्याचा मित्र मार्टिन ल्यूथर याने पोपच्या सत्तेला आव्हान देऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते, त्यालाही ही पुस्तिका भर बाजारात कळत होती.

या जोराचे मर्म तंत्रात होते. लाकडाच्या फळीवर चित्राच्या रेषा तेवढ्या उठावात ठेवायच्या, बाकीचा भाग कोरून काढायचा. असा ठसा छपाईच्या खिळ्यांच्या उंचीचा असला की मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापले जाई आणि खर्च वाचे. कॅथलिकही हातावर हात ठेवून बसले नाहीत. 1529 साली योहान कोख्लेउसच्या पुस्तकावर सात डोक्यांचा ल्यूथर झळकला. 1563 मध्ये इंग्लंडात जॉन फॉक्सचा ग्रंथ निघाला. कॅथलिक राणीच्या अमलात जिवंत जाळल्या गेलेल्या प्रोटेस्टंटांची चित्रे त्यात जागोजागी होती. 1587 साली अँटवर्पमध्ये रिचर्ड व्हर्स्टेगन या परागंदा इंग्रज कॅथलिकाने त्याची परतफेड केली. प्रोटेस्टंटांनी कॅथलिकांचे केलेले हाल त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापले. दोन्ही पुस्तकांतले फासावरचे आणि आगीतले देह शेजारी ठेवून पाहिले, तर कोणता कोणत्या पंथाचा हे मथळा वाचल्याखेरीज सांगता येत नाही.

आपण अँटवर्पमध्येच जरा थांबू, कारण आपल्याकडे येणारी वाट इथूनच निघते. 1566 च्या ऑगस्टमध्ये कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट जमावाने तिथल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडली. याच शहरात क्रिस्टोफ प्लांटँ नावाचा मोठा छापखानदार होता. 1562 मध्ये त्याच्या छापखान्यात एक कॅल्विनपंथी पुस्तिका छापली गेली, आणि त्यापायी त्याच्या मालाचा लिलाव झाला होता. हा बट्टा धुऊन काढायला त्याने स्पेनचा कट्टर कॅथलिक राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने अनेक भाषांतले बायबल छापायला घेतले. 1568 ते 1572 या काळात त्याचे आठ खंड तयार झाले. त्यांतली मुखचित्रे ताम्रपत्रावरची होती. तांब्यात रेषा खोल कोरायची, खाचेत शाई भरायची, पत्रा वरून पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद त्यावर ठेवून रुळांमधून काढायचा. खर्च जास्त, पण रेषा केसासारखी बारीक. पहिल्याच खंडाच्या मुखचित्रात सिंह, बैल, लांडगा आणि मेंढी एकाच गव्हाणीवर गुण्यागोविंदाने खात आहेत. दुसऱ्या एका चित्रात राजाची धर्मनिष्ठा स्त्रीरूपात उभी आहे. ख्रिस्ती जग पुन्हा एक होईल आणि ते फिलिपच्या छत्राखाली, हा त्या चित्रांचा सांगावा.

1579 च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिक गोव्यात उतरला. प्रोटेस्टंट झालेला स्वदेश सोडून तो जेसुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला होता. मराठी वाचकाला तो ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून ठाऊक आहे. तो आला आणि महिना भरायच्या आत, 17 नोव्हेंबरला, रोदोल्फो आक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रीकेस हे तिघे जेसुइट अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून निघाले. प्लांटँच्या बायबलाचे खंड अकबराच्या नजराण्यासाठी सोबत होते. जानेवारी 1580 मध्ये सुरत सोडून, तापी ओलांडून हा काफिला सुलतानपुरास आला. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले हे ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे तेव्हा माळव्याच्या वाटेवरचा मोक्याचा मुक्काम होते. तिथून सेंधवा, मांडू, उज्जैन करत मंडळी फेब्रुवारीच्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीला पोचली. युरोपातल्या धर्मयुद्धासाठी कोरलेली चित्रे अशी आपल्या जिल्ह्यातून ओझ्याच्या जनावरांवरून गेली.

मार्चच्या आरंभी खंड दरबारात सादर झाले. अकबराने पगडी उतरवली, एकेक खंड ओठांना लावला आणि मस्तकी ठेवला. पाद्री हरखले, पण बादशहा ख्रिस्ती झाला नाही. चित्रे मात्र बादशाही कारखान्यात गेली आणि केशवदास, बसावन यांच्यासारख्या चित्रकारांच्या हाती लागली. फिलिपच्या धर्मनिष्ठेची स्त्रीमूर्ती मुघल कागदावर उतरली ती फिलिपला वगळूनच. 1600 च्या सुमारास अबुल हसन या मुघल चित्रकाराने तेराव्या वर्षी ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या 1511 सालच्या ताम्रचित्रातला सेंट जॉन हुबेहूब उतरवला. ड्यूरर हा पुढे ल्यूथरचा चाहता झाला, याचे त्या पोराला काय होय? त्याला दिसत होत्या वस्त्राच्या चुण्या आणि बोटांतली तडफड. माझ्या मते या चित्रांना त्यांच्या साऱ्या प्रवासात मिळालेला सर्वांत खरा पाहणारा तोच.

आता प्रोटेस्टंट बाजू. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला, तो थेट नंदुरबारवरून. त्याच्या रोजनिशीत नंदुरबारची ठळक नोंद आहे ती पावाची: सुरत सोडल्यापासून पहिल्यांदा पाव मिळाला तो इथे. पुढच्या मार्चमध्ये अजमेरला नवरोजाच्या दरबारात त्याला अकबरानंतरचा बादशहा जहांगीर याच्या आसनामागे इंग्लंडचे राजा-राणी आणि काही सरदार स्त्रियांच्या तसबिरी टांगलेल्या दिसल्या. इंग्रजांच्या नजराण्यांत संतांपेक्षा अशा तसबिरींचा भरणा होता. त्याच 1616 साली गोव्यात रायतूरला स्टीफन्सचे पुराण रोमन अक्षरांत छापून निघत होते. एक इंग्रज कॅथलिक मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा सांगत होता आणि दुसरा इंग्रज प्रोटेस्टंट मुघल दरबारात व्यापाराचे फर्मान मागत होता.

या दरबारात फ्रान्सिस्को कोर्सी नावाचा फ्लोरेन्सचा जेसुइट होता. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने एक भेट नोंदवून ठेवली आहे. कोर्सी आपण होऊन रो याच्याकडे आला आणि म्हणाला की, आपल्या पंथांत अंतर मोठे आहे खरे, पण ख्रिस्ताला न ओळखणाऱ्यांपुढे त्याचे प्रदर्शन नको. ज्या भांडणापायी युरोपात ठशांवर ठसे कोरले जात होते, ते इथे झाकून ठेवायचे ठरले. कारण उघड होते: इथला धनी तिसराच होता.

आणि त्या धन्याने चित्रे आपल्या कामाला जुंपली. 1618 च्या सुमारास, आता मोठा झालेल्या अबुल हसनने जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे असे चित्र काढले. दोघे पृथ्वीच्या गोलावर उभे आहेत. जहांगीराच्या पायाखाली सिंह, शाहाच्या पायाखाली कोकरू, आणि सिंह कोकराला हळूच पश्चिमेकडे रेटतो आहे. कलेतिहासकार या सिंह-कोकराचा एक धागा प्लांटँच्या त्या गव्हाणीपर्यंत नेतात. वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर आणणारा न्यायी राजा आपल्याला काही नवा नाही; जहांगीराला हे रूपक त्यामुळेच रुचले असावे. त्याच सुमारास बिचित्र या चित्रकाराने काढलेल्या चित्रात, सूफी शेखाला ग्रंथ देणाऱ्या जहांगीराच्या खाली इंग्लंडचा प्रोटेस्टंट राजा जेम्स ताटकळत उभा आहे. एका पंथाचे प्रतीक, दुसऱ्याचा राजा. दोघेही एकाच बादशहाच्या स्तुतीला लागले. युरोपातला एकही ठसा इतक्या सफाईने उलटवला गेला नव्हता.

ही दोन्ही मुघल चित्रे आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहेत आणि शाळकरी पुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत कुठेही छापलेली भेटतात. पुढच्या वेळी समोर आली तर बादशहाच्या तेजोवलयावर रेंगाळू नका; आधी पायाखालचे ते कोकरू पाहा.