शाळेंतील ऐरण

लेखणी धरणारा हात निराळा आणि हातोडा धरणारा हात निराळा, ही समजूत फार जुनी आहे. धातुकाम पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांतच शिकावें लागे. उमेदवार मुलगा उस्तादाच्या हाताखालीं राही, भाता ओढी, पडेल तें काम करी आणि पाहून पाहून शिके. आधीं काय व मागून काय शिकावयाचें, हें गिऱ्हाइकाच्या मागणीवर ठरे.

मॉस्को येथील शाही तंत्रशाळेचे संचालक व्हिक्टर देला-वोस यांनीं १८६८ च्या सुमारास हा क्रम बदलला. शिकण्याची कर्मशाळा त्यांनीं उत्पादनाच्या कर्मशाळेपासून वेगळी केली. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःची जागा व हत्यारें मिळालीं. वर्णांपासून वाक्यापर्यंत जावें, तसे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पाठ बांधले गेले. विकावयाची वस्तु नव्हे, तर नकाशाबरहुकूम केलेला नमुना, हें त्या पाठांचें फळ होय.

१८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत हे नमुने मांडले गेले आणि अमेरिकन शिक्षकांचें लक्ष त्यांकडे वेधलें. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे गणिताध्यापक कॅल्विन वुडवर्ड यांना हा प्रश्न आधींच जाणवला होता. त्यांच्या विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्राचे साधे लांकडी नमुनेहि करतां येत नसत. त्यांच्या प्रयत्नानें १८८० च्या सप्टेंबरांत तेथें मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल उघडलें. तीन वर्षांच्या क्रमांत गणित, विज्ञान, भाषा व रेखन यांच्या जोडीस सुतारकाम, लोहारकाम आणि यंत्रकाम होतें. कोणताहि एक धंदा शिकविणें हा हेतु नव्हता. सर्व धंद्यांच्या मुळाशीं असलेलीं तत्त्वें हातांतून बुद्धींत उतरावीं, हा होता.

विल्यम टॉरी हॅरिस यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांस हें पटलें नाहीं. शाळेचें खरें काम बौद्धिक संस्काराचें, असें त्यांचें मत. पुढें दुसऱ्या बाजूनेंहि ओढ लागली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें धंदेशिक्षणास मध्यवर्ती सरकारचें द्रव्यसाहाय्य मिळालें. परंतु धंदेशाळेंत निम्मा वेळ उपयुक्त वा उत्पादक स्वरूपाच्या प्रत्यक्ष कामास द्यावा, अशी अट पडली. देला-वोस यांनीं ज्या उत्पादनापासून शिक्षण सोडविलें, त्याच्याशींच तें पुन्हां बांधलें गेलें.

विसाव्या शतकांत ऐरणीच्या शेजारीं वेल्डिंगची ज्योत आली, आणि आज अनेक अमेरिकन माध्यमिक शाळांत तें काम शिकवितात. हा जुना वाद त्या कामांतहि दिसतो. सांधा वरून गुळगुळीत असला, तरी धातु आंतपर्यंत वितळून एकजीव झाला आहे कीं नाहीं, हें तो वांकवून किंवा कापून पाहिल्यावर कळतें. ज्याला केवळ ज्योत फिरवितां येते, तो सांधा मोडल्यावर थांबतो. ज्याला उष्णतेनें धातु कां फुगतो व निवतांना कां आखडतो हें ठाऊक आहे, तो चूक शोधतो. शाळेनें यांपैकीं कोणता विद्यार्थी घडवावा, हाच वुडवर्ड यांचा प्रश्न होता. आणि कर्मशाळा वर्गाला जोडण्याचें प्रयोजनहि त्यांतच आहे.