गाणे वर्गात आले तेव्हा

येवल्यात पैठणी विणणाऱ्यांच्या घरी मागाजवळ चौकटींच्या कागदावर काढलेला मोर किंवा वेल पुष्कळदा पाहायला मिळते. चौकटी मोजायच्या आणि तेवढे धागे उचलायचे. हा कागद पाहून नवख्याला मोर विणता येणार नाही, त्यासाठी हात आधी तयार झालेला असावा लागतो. पण तयार हाताला न पाहिलेला मोर या कागदावरून उतरवता येतो, आणि ज्याने तो प्रथम काढला त्याच्या माघारीही नक्षी शिल्लक राहते.

गाण्यासाठी असा कागद महाराष्ट्रात आणि आसपास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार होऊ लागला. शाळेत गाणे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती आज जी साधने आहेत, म्हणजे स्वरलिपीचे पुस्तक, पेटी, तासिका आणि परीक्षा, ती सगळी त्याच काळातली आहेत. ती कोणासाठी तयार झाली हे लक्षात घेतले, तर लहान मुलांसाठी ती कशी वापरावीत हे ठरवणे सोपे जाते.

त्याआधी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहायचे. बंदिश कधी द्यायची, द्यायची की नाही, हे गुरूच ठरवणार. संगीताच्या घराण्यात न जन्मलेल्या मुलाला हे कठीण होते, आणि प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना तर जवळजवळ अशक्यच. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वरलिपीतल्या क्रमिक पुस्तिका छापल्या. घरंदाज उस्तादानेच ही वाट मोकळी करावी, याचे मला विशेष वाटते.

पुढची मोठी उडी विष्णु दिगंबर पलुसकरांची. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मुंबईची शाखा १९०८ ची. पुस्तकांसाठी त्यांनी छापखाना घातला. उपदेशक वर्गातल्या मुलांच्या जेवणाखाणाची सोय करून त्यांना फुकट शिकवले, ते पुढे शिक्षक व्हावेत म्हणून. मुंबईचा डोलारा कर्जापायी कोसळला, तरी तोवर शिक्षकांची एक पिढी तयार झाली होती. उत्तरायुष्यात येवल्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या नाशकात त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ साली ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. तालुक्याच्या गावातली मुले आज 'प्रारंभिक' आणि 'प्रवेशिका'ला बसतात त्या परीक्षा या मंडळाच्या.

दुसरे नाव विष्णु नारायण भातखंडे यांचे. हे मुंबईचे वकील. गायकांकडून बंदिशी मिळवून त्यांनी त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त मराठीत छापल्या. मालिकेचे सहा भाग निघाले, शेवटचे त्यांच्या निधनानंतर. शिक्षकाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे लक्षणगीत. रागात कोणते स्वर लागतात, वादी कोणता, वेळ कोणती, हे त्या रागातल्याच गाण्याच्या शब्दांत सांगायचे. व्याख्या आणि उदाहरण एकाच ओळीत आले. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला हे क्वचितच साधते!

या दोघांच्या स्वरलिप्या मात्र वेगळ्या आहेत, आणि इथे नवा शिक्षक हमखास अडखळतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र दाखवते आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ येते. म्हणजे तेच टिंब एका पुस्तकात वर चढवते आणि दुसऱ्यात खाली उतरवते. भातखंडे एका मात्रेत जेवढे स्वर येतात ते एका कमानीत बांधतात. पलुसकर स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण देतात. ही अधिक काटेकोर, पण छापायला आणि वाचायला जड. पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहायला भातखंडेच बरे, असे माझे मत. पुस्तक हाती घेतल्यावर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे मात्र आधी पाहावे.

लिपी आधी की सूर आधी, यात मला शंका नाही. मागावरच्या कागदासारखेच हे आहे. 'सा रे ग' हा अलंकार मुलांच्या गळ्यात आणि कानात पक्का बसल्यावर तो फळ्यावर लिहिला, तर मुलांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होते. उलट क्रमाने गेलो की नुसती अक्षरे उरतात.

या सगळ्या थोरांच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी होता तो बहुधा कुमार किंवा तरुण. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्याचा विचार या साधनांत फारसा नाही, आणि नुकसान होते ते इथेच. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रीच्या १२ ते १७. मुलांची याहून कमी. म्हणून मूल बोलते तेच सेकंदाला २५० ते ३०० कंपनांच्या आसपास. आता पेटीकडे पाहू. बाईंना काळी चार सोयीची असते, तिचा सा सुमारे २०८ हर्ट्झ. बाईंसोबत गाताना खालचे स्वर आले की मुले घशात गुरगुरतात. कोणी उत्साहाने पांढरी चार धरली, तर तार सा ७०० हर्ट्झच्या घरात जातो आणि वर्ग किंचाळू लागतो. लहानांसाठी मधल्या सप्तकातली काळी एक किंवा पांढरी दोन, म्हणजे सा २७७ ते २९४ हर्ट्झ, आणि गाणे शक्यतो सा ते ध मध्ये बसणारे, एवढे पाळले तरी पुष्कळ. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गात असतील तर मुले आपोआप एक सप्तक वर गातात. बाईंना स्वतःला पांढरी दोन उंच वाटली, तर त्यांनी पेटीवर सूर धरावा आणि मुलांना गाऊ द्यावे.

पेटी वर्गात आली ती तिच्या सोयींमुळे. तिचा आवाज मोठा आणि ती रोज जुळवावी लागत नाही. तिचा गंधार मात्र थोडा चढा असतो. सा २४० धरला तर शुद्ध गंधार ३०० हवा. पेटीवर तो ३०२.४ येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेवर लांबी मोजत असले हिशेब केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांना बरोबर घेऊन त्यांनी श्रुतींची पेटीही केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गायकांना पटली नाही. आकाशवाणीवर तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदीच होती. मला एवढे टोकाला जाण्याचे कारण दिसत नाही. चांगला जुळलेला तंबोरा पाच मिनिटे छेडावा. खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश म्हणजे गंधारच असतो. शांत वर्गात तो काही मुलांना न सांगता ऐकू येतो. ज्यांना ऐकू आला त्यांनी तो गुणगुणावा, मग पेटीवरचा गंधार वाजवून दोन्हींतला फरक विचारावा. तंबोरा नसला तर मोबाइलवरचाही चालेल, पण लहान स्पीकर खर्ज गिळतो हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट राहिली. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटतो आणि काही महिन्यांत साधारण एक सप्तक खाली जातो. मुलींचाही तीन-चार अर्धस्वरांनी उतरतो, पण तो कोणाच्या लक्षात येत नाही. फुटक्या आवाजाच्या मुलाला समूहगीतातून काढून टाकण्याची रीत अनेक शाळांत आहे, आणि तो पुन्हा कधी गात नाही. त्या वर्षी त्याला ताल धरायला बसवावे, जमेल त्या चार-पाच स्वरांत हळू आवाजात गाऊ द्यावे, आणि त्याचा नवा सा कुठे स्थिरावतो आहे हे दर महिन्याला पेटीवर पाहून वहीत टिपून ठेवावे.