उमेदवाराच्या वयाची पडताळणी : १८६९ मधील एक प्रकरण

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत सनदी नोकरीतील नेमणुका संचालकांच्या शिफारशीने होत. शिफारस करणारास उमेदवाराचे घराणे बहुधा परिचित असे आणि तो परिचय हीच उमेदवाराविषयीची मुख्य हमी ठरे. १८५३ च्या कायद्याने संचालकांचा हा अधिकार संपुष्टात आला आणि १८५५ साली पहिली खुली स्पर्धापरीक्षा झाली. अपरिचित तरुणांची निवड करावयाची म्हटल्यावर त्यांची ओळख पटविण्याचे नवे साधन शोधणे क्रमप्राप्त होते. उमेदवाराचे ज्ञान उत्तरपत्रिकेवरून कळे. परंतु त्याचे वय, प्रकृती व चारित्र्य यांची खात्री कागदपत्रांवरूनच करून घ्यावी लागे. ब्रिटनमधील सरकारी नोकरांविषयी अशी खात्री करून घेण्याचे काम १८५५ साली स्थापन झालेल्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनकडे होते. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची परीक्षाही १८५८ पासून याच कमिशनकडे आली. या पडताळणीच्या मर्यादा १८६९ च्या एका प्रकरणात स्पष्ट दिसून येतात.

त्या वर्षी सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर असे चार हिंदी तरुण लंडन येथील परीक्षेत उत्तीर्ण झाले. तोपर्यंत सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्यावाचून अन्य कोणाही हिंदी माणसास हे यश लाभले नव्हते. परंतु सुरेंद्रनाथ व श्रीपाद ठाकूर हे वयाची २१ वर्षांची मर्यादा ओलांडून गेले आहेत, असा आक्षेप निघाला व कमिशनने त्या दोघांची नावे उत्तीर्णांच्या यादीतून कमी केली.

सुरेंद्रनाथांविरुद्धचा पुरावा त्यांच्याच जुन्या अर्जातला होता. डिसेंबर १८६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांचे वय १६ नोंदविले गेले होते. त्या हिशेबाने डिसेंबर १८६८ पर्यंत ते २१ वर्षांचे होत होते. वस्तुतः त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या अखेरीस त्यांना पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे लागले होते, आणि हिंदी रिवाजाप्रमाणे चालू वर्ष हेच वय म्हणून सांगितले गेले होते. परीक्षेच्या वेळी त्यांना एकविसावे वर्ष लागले असले तरी ते पूर्ण व्हावयास अवकाश होता.

येथे दोन्ही नोंदी आपापल्या परीने खऱ्या होत्या. शिलालेखांतील शकवर्ष गत की वर्तमान, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तोच प्रश्न येथे एका जिवंत माणसाच्या वयासंबंधी उपस्थित झाला. इंग्लंडात १८३७ पासून जन्माची सरकारी नोंद होऊ लागली होती आणि पूर्ण झालेली वर्षे मोजण्याचा प्रघात तेथे इतका अंगवळणी पडलेला होता की, मोजण्याची दुसरी रीत असू शकेल हे कमिशनच्या ध्यानी आले नाही. हिंदुस्थानात जन्मवेळ जन्मपत्रिकेत सूक्ष्मपणे मांडली जाई. पण ती घरची नोंद. सरकारी दप्तरात प्रमाण ठरला तो विद्यापीठाचा आकडा. दोन आकडे जुळले नाहीत, तेव्हा विसंगतीचा दोष आपोआप उमेदवाराच्या माथी आला. प्रश्न वयाचा असला तरी खोटे वय सांगितल्याचा संशय त्यात गर्भित होता, आणि तो चारित्र्यावरच डाग होता.

सुरेंद्रनाथांनी हा निर्णय मुकाट्याने स्वीकारला नाही. हिंदुस्थानातून पुरावा मागवून त्यांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. प्रकरण न्यायालयापुढे गेल्यावर कमिशनला आपला निर्णय फिरवावा लागला आणि ठाकूर यांचेही नाव यादीत पुन्हा दाखल झाले. मात्र या झगड्यात सुरेंद्रनाथांचा पुष्कळ काळ गेला. ते विलायतेत असतानाच त्यांचे वडील निवर्तले. १८७१ मध्ये ते सिल्हेट येथे रुजू झाले आणि १८७४ मध्ये एका कामकाजविषयक प्रकरणावरून त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. पुढे वयोमर्यादा १९ वर्षांवर आणण्याचे ठरले, तेव्हा १८७७ साली तिच्याविरुद्ध देशभर दौरा काढणारे सुरेंद्रनाथच होते. वयाचा एक आकडा माणसाचे भवितव्य कसे ठरवितो, याचा अनुभव त्यांच्या पदरी होता.

या प्रकरणाची विस्तृत हकीकत सुरेंद्रनाथांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आढळते. ती एका पक्षकाराने उत्तरायुष्यात सांगितलेली असल्याने तिच्यातील अभिप्रायांचा उपयोग सावधपणे करणे इष्ट. परंतु वयाचे गणित तिच्यावर अवलंबून नाही. एकोणिसाव्या शतकातील शाळा-विद्यापीठांच्या दप्तरांतून चरित्रनायकांची जन्मवर्षे काढताना हेच गणित पुन्हा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

पूर्ववृत्ताची पडताळणी म्हणजे सत्याशी तुलना, असा समज असतो. प्रत्यक्षात ती एका नोंदीची दुसऱ्या नोंदीशी तुलना असते, आणि प्रत्येक नोंदीमागे ती करणाऱ्या समाजाची रीत उभी असते. ती रीत समजावून सांगण्याची संधी उमेदवारास निर्णयापूर्वी नीट मिळाली नाही, तर बिनचूक आकड्यांवरूनही अन्याय घडू शकतो. १८६९ मध्ये तो दूर झाला; परंतु त्यासाठी एका विशीतल्या परक्या तरुणास साम्राज्याच्या राजधानीतील न्यायालयाची पायरी चढावी लागली.